शाळा सोडण्याचे कारण

बाई, तुमच्या कबरीवर माती टाकताना भाऊसाहेब माझ्या शेजारीच उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, मुठीत माती, डोळे मिटलेले. मी तिसरी मूठ टाकून बाजूला झालो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहिरे सर, आपल्या दोघांचं छत्र गेलं." त्यांच्या हाताची माती माझ्या सदऱ्यावर उमटली. तो सदरा मी अजून धुतलेला नाही. काम झालं की धुणार आहे.

काम कोणतं ते तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही असता तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि म्हणाला असता, "सर, रागात लिहिलेला कागद सकाळी एकदा वाचावा." मी हा कागद आठ दिवस रोज सकाळी वाचतोय. राग तेवढाच आहे.

पुढच्या महिन्यात महापालिकेच्या सभेपुढे आपल्या शाळेचा विषय येतोय. इमारत भाऊसाहेबांच्या संस्थेला भाड्यानं दिली होती, त्या कराराची मुदत संपत आली. आता त्यांना ती आणखी कितीतरी वर्षांसाठी हवी आहे. तुमच्या शोकसभेत त्यांनी जाहीर केलं की शाळेच्या सभागृहाला रशीदाबाईंचं नाव देणार. बाई, तुमच्या नावाची पाटी लावून ते आपल्या चार खोल्या कायमच्या गिळणार आहेत. माझ्या अंगात जीव आहे तोवर ते मी होऊ देणार नाही. संस्थेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता, 'बाईंच्या आठवणी' म्हणून. आठवणी लिहितोय, पण त्यांच्या स्मरणिकेसाठी नाही.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये मी तुमच्याकडे रुजू झालो. सटाण्याहून एसटीनं आलो होतो. एक पत्र्याची पेटी आणि डी.एड.ची गुणपत्रिका एवढं सोबत. माझे वडील सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायचे. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला. पहिल्याच तासाला फळ्यावर एक चित्र काढून मी विचारलं, "हाई काय शे?" आणि चौथीचा वर्ग खो खो हसत सुटला. मी घामाघूम. तुम्ही शेजारच्या वर्गातून दारात येऊन उभ्या राहिलात.

"हसता कशाला? सरांना अहिराणी येते, मराठी येते, हिंदी येते. तुला किती येतात रे?"

"एकच, बाई."

"मग तू हसू नको. ऐक."

नंतर ऑफिसात मला म्हणालात, "माझ्या घरची बोली वेगळी, तुमच्या घरची वेगळी, या पोरांच्या घरची वेगळी. पुस्तकातली मराठी कुणाच्याच बापाची नाही. सगळ्यांनी मिळून शिकायची." त्या दिवसापासून मी वर्गात कधी घाबरलो नाही. सतरा वर्षं झाली.

द्वारका चौकाच्या मागे, मळ्यांच्या कडेला आपली शाळा. फुलवाल्या हिराबाईच्या सासऱ्यानं शेवंतीच्या मळ्याचा तुकडा शाळेला दिला होता आणि वस्तीतल्या बायकांनी विटा वाहिल्या होत्या, हे तुम्ही प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात सांगायचात. पोरं फुलवाल्यांची, भाजीवाल्यांची, गॅरेजात काम करणाऱ्यांची. घरचे पहाटेच फुलबाजाराला जायचे, पोरं हार ओवून, धाकट्याला शेजारी ठेवून मग शाळेत यायची. बोटांना शेवंतीचा वास. म्हणून तुम्ही हजेरी घंटेला न घेता दुसऱ्या तासानंतर घ्यायचात. तपासणीला आलेले साहेब चिडले होते, "बाई, हा कुठला नियम?" तुम्ही म्हणालात, "साहेब, तुमच्या घरी देवाला हार येतो ना? तो ओवून मूल येतंय. थांबू या की थोडं."

आणि तो दुसरा नियम. नाव पुकारलं आणि मूल नसलं, तर शेजारी राहणाऱ्या पोरानं उठून ते कुठे आहे हे सांगायचं. 'माहीत नाही' चालायचं नाही. "भिंतीला भिंत लागून राहता आणि माहीत नाही?"

"बाई, गण्या मामाकडं गेलाय, ओझरला."

"परत कधी येणार?"

"मामाची शेळी व्याली की."

तुम्ही ते वहीत लिहून ठेवायचात. शेळी व्याली की नाही तेही पुढच्या आठवड्यात विचारायचात.

रजिस्टरच्या बाबतीत मात्र तुमच्याइतकं कडक माणूस मी पाहिलं नाही. चूक झाली तर ब्लेडनं खरवडायची नाही, गिरवायची नाही. लाल शाईनं एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, शेजारी सही. "खोडलेलं वाचता आलं पाहिजे, सर. चूक झाली होती हे पुढच्याला कळू दे." मी तेव्हा हसायचो.

बी.ए. मी बाहेरून केलं ते तुमच्यामुळे. फॉर्म तुम्ही आणला. परीक्षेच्या दिवसांत माझा वर्ग आणि तुमचा वर्ग एकत्र करून व्हरांड्यात बसवलात आणि दोन्ही वर्गांना एकटीनं शिकवलंत. निकाल लागला त्या दिवशी हिराबाईनं हार आणला, इतका जाड की माझी मान वाकली. वडील सटाण्याहून आले होते. ते ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभेच राहिले. तुम्ही उठलात, त्यांना हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलंत. म्हणालात, "मुख्याध्यापकाची खुर्ची आहे. बसा. पोरगा ग्रॅज्युएट झालाय तुमचा." वडील खुर्चीच्या कडेवर बसले, पाठ न टेकता. परतीच्या गाडीत चढताना मला म्हणाले, "बाई माणूस शे." एवढंच. त्यांनी कुणाला याहून मोठं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळं मला आठवतंय म्हणूनच मी स्वतःला माफ करत नाही.

पट कमी होत गेला. वस्तीच्या तोंडाशी इंग्रजी शाळांच्या रिक्षा येऊन उभ्या राहायला लागल्या. ज्यांना जमलं त्यांनी पोरं तिकडे घातली. मी तुम्हाला म्हणालो होतो, बाई, गेलेल्यांची नावं इतक्यात कमी करू नका, बाकीच्या शाळा काय करतात ते जरा बघा. तुम्ही म्हणालात, "बाकावर नाही ते मूल माझ्या पटावर नाही." आपलं सगळ्यात मोठं भांडण तेव्हा झालं. दोन दिवस आपण चहा वेगवेगळा प्यायलो. बाई, या भांडणात मी अजून हरलेलो नाही. दहा नावं तुम्ही ठेवली असतीत तर शाळा आणखी दोन वर्षं टिकली असती. खोटेपणानं टिकली असती, पण टिकली असती. तुम्ही खरेपणा जपलात आणि भाऊसाहेबांनी त्याच खरेपणावर पाय ठेवून इमारत गाठली. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

सिंहस्थाच्या दोन वर्षं आधी, एप्रिलअखेर, शाळा बंद करण्याचा आदेश आला. पटावर एक्केचाळीस मुलं उरली होती. त्यांना आग्रा रोडच्या पलीकडच्या शाळेत पाठवायचं ठरलं. तुम्ही तेव्हा मालेगावला होता, शबनमच्या बाळंतपणासाठी. प्रभार माझ्याकडे. वरून निरोप आला की आठवड्यात सगळे दाखले तयार पाहिजेत.

मी दोन दिवसांत केले. माझं अक्षर चांगलं आहे याचा मला अभिमान होता. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक. आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात एक्केचाळीस वेळा, वळणदार अक्षरात: पालकांच्या विनंतीवरून.

मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. हेच सगळ्यात वाईट आहे. कुणी दमदाटी केली असती, लालूच दाखवली असती, तर आज मला दोष द्यायला माणूस मिळाला असता. बाई, त्या रकान्यात सगळे शिक्षक तेच लिहितात. मूल कशानंही शाळा सोडू दे, बदली होवो, लग्न होवो, हात ठरलेलं वाक्य लिहून मोकळा होतो. माझाही झाला.

तुम्ही परत आलात. दाखल्यांचं पुस्तक समोर घेऊन बसलात आणि एकेक स्थळप्रत वाचत गेलात. एक्केचाळीस. मी समोर उभा. शेवटची उलटून झाल्यावर म्हणालात,

"सर, यातल्या किती पालकांनी विनंती केली?"

"बाई, तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत."

पुस्तक मिटलंत. चष्मा पुसलात. त्यानंतर त्या विषयावर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. महिन्याभरात तुम्ही निवृत्त झालात.

भाऊसाहेब तेव्हा शिक्षण मंडळावर होते. दर सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत गोळ्या वाटायला यायचे, वाकून तुमच्या पाया पडायचे, पोरांना उचलून घ्यायचे. पोरांना ते आवडायचे. मलाही आवडायचे, खोटं कशाला बोलू? त्याच भाऊसाहेबांनी मंडळाच्या बैठकीत माझे दाखले हातात धरून सांगितलं, "एक्केचाळीस पालकांनी स्वतः विनंती करून मुलं काढली. त्यांनाच शाळा नको आहे. मोकळी इमारत उंदरांसाठी ठेवायची का?" मला हे तिथल्या शिपायानं सांगितलं, कौतुकानं. "सर, तुमचं अक्षर सगळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, काय मोत्यासारखं अक्षर आहे."

वर्षाच्या आत इमारत संस्थेला गेली. संस्थेचे सचिव भाऊसाहेबांचे जावई. आपल्या व्हरांड्याला काच लागली, मळ्याच्या बाजूची भिंत वाढली, लोखंडी गेट आलं, गेटवर चौकीदार आला. करारात एक कलम होतं, की दर वर्गात पाव जागा वस्तीतल्या मुलांना फी न घेता द्यायच्या. उद्घाटनाला व्यासपीठावर भाऊसाहेबांच्या शेजारी तुम्ही बसला होता. शाल, नारळ. मी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभा होतो.

त्या दिवशी मी तुम्हाला मनातून काढून टाकलं, बाई. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्यावर एक शब्दानं रागावला नाहीत, आणि त्यांची शाल घेतलीत. मला वाटलं, बाईसुद्धा. त्यानंतर सहा वर्षं मी तुमच्या घरची पायरी चढलो नाही. माझी बदली सातपूरकडे झाली होती, ते निमित्त पुरेसं होतं. दर ईदला तुमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. मी डबा धुऊन रिकामा परत पाठवायचो. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे मला माझ्या आईनं शिकवलंय. मी मुद्दाम रिकामा पाठवायचो.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी शबनमला भेटायला गेलो. तिनं माझ्यापुढे एक जुना हजेरीचा कॅटलॉग ठेवला. आपल्याच शाळेचा, निळ्या पुठ्ठ्याचा, कोरा राहिलेला.

"अम्मीनं दवाखान्यात सांगितलं होतं, हे अहिरे सरांना दे."

"आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाली, त्यांना म्हणावं स्वच्छ उतरवून काढा. त्यांचं अक्षर चांगलं आहे."

मी तिथे रडलो नाही. जिना उतरलो, सायकलचं कुलूप काढता येईना, तेव्हा रडलो.

पहिल्या पानावर उद्घाटनाची तारीख. खाली तुमच्या हातचं: 'भाऊसाहेब व्यासपीठावरून सर्वांसमक्ष म्हणाले, वस्तीचं एकही मूल या दारातून परत जाणार नाही. हे वाक्य सर्वांसमक्ष वदवून घेण्यासाठीच मी गेले होते. शाल हिराबाईच्या सासूला दिली, तिला थंडी वाजते.'

त्यानंतर दर वर्षीचा जून. मुलाचं नाव, आईचं नाव, घर कुठे, आणि शेवटच्या रकान्यात गेटवर कोण काय म्हणालं. तुमचं ते बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.

'चौकीदार म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दोन तास थांबलो.'

'लिपिक म्हणाले, जागा भरल्या. किती भरल्या ते सांगितले नाही.'

'जन्मदाखला मागितला. दिला. रहिवासी दाखला मागितला. दिला. मग म्हणाले, आई-वडिलांची मुलाखत इंग्रजीत होईल.'

'मॅडम म्हणाल्या, मूल आमच्यात रमणार नाही, त्याच्याच भल्यासाठी सांगते.'

'अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर अर्ज परत दिला.'

साठी उलटलेली, गुडघ्यांनी थकलेली बाई, दर जूनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांची बोटं धरून स्वतःच्याच शाळेच्या गेटबाहेर उन्हात उभी. सहा वर्षांचे सहा जून. मी त्या वेळी काय करत होतो? तुमचा डबा रिकामा परत पाठवत होतो.

एका पानावर कोपऱ्यात लिहिलंय: 'या वर्षी अहिरे सरांना बरोबर न्यावे असे वाटले. दोघे असलो तर पोच मिळेल. पण त्यांची नोकरी आहे, मुलं लहान आहेत. नको.'

बाई, हे वाक्य मी उतरवून काढलेलं नाही. ते तुमच्याच अक्षरात राहू दे.

कॅटलॉगच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवलेले कागद होते. माहितीच्या अधिकारात तुम्ही गेल्या वर्षी मागवलेले. संस्थेनं महापालिकेला दर वर्षी दिलेलं पत्र, मजकूर एकच, फक्त वर्ष बदललेलं: 'परिसरातील एकाही पालकाने अर्ज केला नाही.' आणि त्याला दर वर्षी जोडलेल्या माझ्या एक्केचाळीस दाखल्यांच्या प्रती. पालकांनाच शाळा नको होती याचा पुरावा म्हणून.

मग शोकसभा. तुमचा फोटो केवढा मोठा केला होता, बाई! हसताय त्यात. आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गांमधली भिंत पाडून केलेल्या सभागृहात तुम्हाला मोगऱ्याचा हार. संस्थेचे शिक्षक कोट घालून पुढच्या रांगांत. हिराबाई आणि वस्तीतल्या दहा-बारा बायका मागे उभ्या, कारण खुर्च्या 'पाहुण्यांसाठी' होत्या. गेटवर चौकीदारानं हिराबाईला विचारलं होतं, पास आहे का. ती म्हणाली होती, "माझ्या सासऱ्यानं जागा दिली रे, तुझ्या साहेबानं नाय. सरक."

भाऊसाहेब अर्धा तास बोलले. बाईंनी ही वास्तू विश्वासानं आमच्या हाती दिली, म्हणाले.  मग माझं नाव पुकारलं. "बाईंचे सहकारी अहिरे सर दोन शब्द बोलतील."

मी कॅटलॉग उघडला. म्हणालो, "बाईंच्या शाळेत रोज दुसऱ्या तासानंतर हजेरी व्हायची. आज ती मी घेतो. मूल नसलं तर शेजाऱ्यानं उठून सांगायचं."

समोरच्या रांगांत कुणाला कळलं नाही. मागच्यांना कळलं.

"मंगल हिराबाई." माझ्या दाखल्यांमधलं पहिलं नाव. तिसरीत होती. भागाकार डोक्यात करायची.

"द्वारकेवर हार इकती," हिराबाई म्हणाली. "रस्ता वलांडून शाळंत पाठवाया भ्या वाटलं, सर. ट्रका लय. पंधरा दिस नेली हाताला धरून, मग धंदा बुडाया लागला."

"इम्रान."

"गॅरेजला हाय. हुशार हाय पर गॅरेजलाच हाय."

"वैशाली."

"लगीन झालं. पोर हाय कडेवर."

"तिच्या धाकट्या भावाला यंदा आनलं व्हतं बाईंनी गेटावर," आणखी एकीनं सांगितलं. "परत लावलं."

भाऊसाहेब उठले. आवाज अजून गोडच. "अहिरे सर, आपल्या भावना आम्ही समजतो. पण ही वेळ नाही."

हिराबाई मागून म्हणाली, "मग कवा असती वेळ, भाऊसाहेब? सांगा ना. आमी तवा येतो."

कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतलंच, कोटवालं. मी थांबलो नाही. दाखल्यांतली नावं झाली, मग तुमच्या सहाही वर्षांच्या जूनमधली नावं घेतली, शेवटच्या रकान्यासकट. कोण काय म्हणालं ते सगळं. लिपिक व्यासपीठाच्या कडेला उभा होता, तो हळूच बाहेर निघून गेला. मॅडम मान खाली घालून बसल्या. मी भाऊसाहेबांचा चेहरा बघत होतो. खरं सांगू, मला तो पडलेला बघायचा होता. सहा वर्षं तुमचा पडला असेल तेवढा. तो पडला. मला बरं वाटलं. पण पुरलं नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"अहिरे, दाखले कुणी लिहिले होते ते विसरलात वाटतं. प्रकरण वर गेलं तर पहिली चौकशी तुमची."

'सर' गळून पडलं होतं. मी म्हणालो, "विसरलो नाही. म्हणून तर मी उभा राहिलोय."

"मुख्याध्यापकपदाच्या यादीत नाव आहे तुमचं."

"होतं," मी म्हणालो.

बायको घरी दोन दिवस बोलली नाही. तिचंही बरोबर आहे. तिनं त्या यादीवर कितीतरी गोष्टी मनात मांडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "लाल पेन घरात आहे का, की आणायचं?" बाई, मला माणसं चांगली मिळाली. तुम्ही, वडील, ही. माझी लायकी त्यांच्याएवढी नव्हती, एवढंच.

तर आता काम सांगतो. तुमचा कॅटलॉग मी सबंध उतरवून काढला, तुम्ही म्हणालात तसा, स्वच्छ. ते एक वाक्य सोडून. खाली हिराबाईची आणि अकरा आयांची सही. चौघींनी अंगठा दिला. तो हरकतीच्या अर्जाला जोडून सभेकडे दिला. संस्थेनं दर वर्षी दिलेलं पत्र आणि त्याच वर्षीचं तुमचं पान शेजारी शेजारी लावलंय. कुणालाही वाचता येईल, नगरसेवकालासुद्धा.

दुसरा अर्ज माझा आहे. एक्केचाळीस दाखल्यांमधल्या एका रकान्याच्या दुरुस्तीची परवानगी. त्यात लिहिलंय की ही नोंद मी केली, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि ती खोटी आहे. कार्यालयातले बाबू म्हणाले, सर, असा अर्ज आजवर कुणी दिलेला नाही, याला नमुनाच नाही. मी म्हटलं, मग साध्या कागदावर घ्या. त्यांनी घेतला. पोच मागितली. पोच दिली, बाई. शिक्क्यासकट.

तुम्ही याला सूड म्हणू देणार नाही. "दुरुस्ती म्हणा, सर," असं म्हणाल. तुम्ही म्हणा दुरुस्ती. मला सूडच म्हणू द्या. मला ते गेट उघडलेलं बघायचंय, चौकीदाराला खुर्ची आत नेताना बघायचंय, आणि तुमच्या नावाची त्यांची पाटी खाली उतरलेली बघायचीय. इमारत परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. माझी नोकरी राहील का, तेही नाही. पण ते कागद ज्या दिवशी सभेत वाचले जातील, त्या दिवशी माझ्या अक्षराच्या आड त्यांना लपता येणार नाही.

परवानगी मिळाली की मी ते पुस्तक समोर घेऊन बसेन. पहिला दाखला मंगलचा. 'पालकांच्या विनंतीवरून' यावर लाल शाईची एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर लिहीन: शाळा बंद केली. शेजारी सही. मग दुसरा दाखला.

आणि ईदला तुमच्या घरी येईन. शेवटचा डबा माझ्याकडेच राहिलाय. या वेळी भरून आणतो.